अपस्माराची कारणमीमांसा : उंदराच्या मेंदूने दिलेली साक्ष

आपल्या किनाऱ्यावर या आजाराला बरीच नावे आहेत. कोणी फेफरे म्हणतात, कोणी आकडी, कोणी मिरगी. शाळा शिकलेली पिढी ‘फिट’ म्हणते. वैद्यकातील जुने नाव अपस्मार. ज्यात स्मरण हरपते तो अपस्मार, असा त्या शब्दाचा सरळ अर्थ आहे. संस्थेच्या स्मरणिकेत इतिहासाच्या शिक्षकाने अशा विषयावर लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. त्याची दोन कारणे आम्ही आरंभीच सांगतो. इतिहासाच्या अभ्यासकाला घटनेमागचे कारण शोधण्याची सवय लागलेली असते, आणि कारणाविषयीचे गैरसमज अपस्माराइतके दुसऱ्या आजाराच्या वाट्याला क्वचितच आले असतील. दुसरे कारण अधिक निकडीचे आहे. निवासी शाळेत मूल चोवीस तास आपल्या स्वाधीन असते. त्याला झटका आला तर प्रथम धावून जाणारे आपणच असतो : शिक्षक, अधीक्षक, स्वयंपाकघरातील मावशी, शेजारच्या खाटेवरचा मित्र. त्या घटकेला आपण जे मानतो तेच आपल्या हातून घडते. बाधा मानली तर आपण अंगारा शोधतो, संसर्ग मानला तर मागे सरतो, आणि मेंदूचा विकार मानला तर मुलाला कुशीवर वळवून घड्याळ पाहतो.

वसतिगृहात एकदा झटका आला म्हणून मुलीची पेटी बांधून तिला कायमचे घरी धाडल्याचे प्रसंग आमच्या पेशात आम्ही ऐकले आहेत आणि पाहिलेही आहेत. अशा मुलीचे शिक्षण तेथेच संपते. म्हणून हा लेख केवळ माहितीसाठी नाही. अपस्मार हा मेंदूच्या पेशींत आणि त्यांच्या परस्पर जोडण्यांत झालेला बदल आहे, तो बदल क्रमाक्रमाने घडतो, आणि प्रयोगशाळेतील प्राण्यांमध्ये तो सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष पाहिला गेला आहे, एवढी एक गोष्ट वाचकांच्या मनात पक्की व्हावी, हा आमचा हेतू आहे.

आजार की बाधा?

अपस्माराला देवाचा कोप किंवा भूतबाधा मानणे ही जगभरची जुनी रीत आहे. ग्रीसमध्ये तर त्याला ‘पवित्र रोग’ म्हणत. सुमारे २४०० वर्षांपूर्वी हिपोक्रेटिसच्या परंपरेतील एका ग्रंथाने हे मत खोडून काढले आणि या रोगाचे मूळ मेंदूत आहे असे सांगितले.

आपल्या बौद्ध परंपरेतील नोंदही येथे पाहण्याजोगी आहे. विनयपिटकाच्या महावग्गात मगध देशी पसरलेल्या पाच आजारांचा उल्लेख येतो. त्यांत कुष्ठ, गंड, किलास आणि शोष यांच्याबरोबर पाचवा अपस्मार आहे. जीवक हा राजवैद्य भिक्षुसंघाची शुश्रूषा करी. त्याचे उपचार मिळावेत एवढ्यासाठी रोगी प्रव्रज्या घेऊ लागले, आणि बरे होताच चीवर सोडू लागले. तेव्हा या पाच आजारांच्या व्यक्तींना प्रव्रज्या देऊ नये असा नियम झाला. आजही उपसंपदेच्या वेळी इच्छुकाला या आजारांविषयी विचारले जाते. ही नोंद आम्ही झाकून ठेवत नाही. तो नियम संघाच्या व्यवस्थेसाठी होता आणि रोग्याच्या वाट्याला त्यामुळे नकार आला, हे खरे आहे. मात्र त्याच नोंदीत अपस्मार हा कुष्ठ व क्षय यांच्या पंक्तीतला शरीराचा आजार आहे, त्याच्यावर वैद्य उपचार करतो, भगताचे तेथे काही काम नाही, हेही स्पष्ट दिसते. आजारी भिक्षूला सहकाऱ्यांनी टाकून दिलेले पाहून भगवान बुद्धांनी त्याला स्वतः आंघोळ घातली आणि आजाऱ्याची सेवा हीच आपली सेवा असे सांगितले, तो प्रसंगही याच महावग्गात आहे.

वैद्यक आणि धम्म यांची ही जवळीक आपल्या जिल्ह्यातही कोरलेली आहे. राजपुरी खाडीच्या वरच्या अंगाला असलेल्या कुडा लेण्यांतील एका ब्राह्मी लेखात, वैद्यकी करणाऱ्या उपासकाच्या कुटुंबाने लेणे दान दिल्याची नोंद आहे. मुलांबरोबर मुलींचीही नावे त्यात आहेत.

परंतु पुढच्या शतकांत अपस्माराच्या बाबतीत वैद्य मागे पडला आणि भगत पुढे आला. झटका आला की नाकाला कांदा किंवा चामड्याची चप्पल लावणे, मुठीत लोखंडी किल्ली देणे, हे प्रकार अजून बंद झालेले नाहीत. झटका एक-दोन मिनिटांत बहुधा आपोआपच थांबतो. श्रेय मात्र चप्पलेला मिळते. तोंडातून येणाऱ्या फेसाचा स्पर्श झाला तर आपल्यालाही आजार लागेल, या भीतीने लोक दूर उभे राहतात. ज्या जिल्ह्यात २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर स्पर्शाच्या विटाळाची कल्पना उघडपणे मोडली गेली, तेथे आजारी लेकराच्या स्पर्शाचा विटाळ आपण मानावा काय, असा प्रश्न आम्ही आपल्या समाजाला विचारतो. अपस्मार स्पर्शाने, लाळेने किंवा एका ताटात जेवल्याने पसरत नाही.

दुर्लक्ष नव्हे, झटका

अपस्मार म्हटले की हातपाय झाडत कोसळलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. तो एक प्रकार झाला. या लेखात आम्ही ज्या प्रकाराविषयी लिहीत आहोत त्याचा उगम मेंदूच्या कानशिलाजवळील भागात, म्हणजे टेम्पोरल लोबमध्ये असतो. मोठ्या माणसांत, एका विशिष्ट जागी सुरू होणाऱ्या अपस्मारांपैकी हा सर्वाधिक आढळणारा प्रकार मानला जातो. पुष्कळदा त्याची सुरुवात शाळकरी वयात किंवा तारुण्याच्या उंबरठ्यावर होते.

त्याचे रूप फसवे असते. आधी पोटातून काही वर चढत असल्यासारखे वाटते. विनाकारण भीती दाटते. एखादा नसलेला वास येतो. किंवा ‘हे सारे पूर्वी घडून गेले आहे’ असा भास होतो. मग मूल एकटक पाहत राहते. ओठ चाटल्यासारखे किंवा चघळल्यासारखे करते, सदऱ्याची गुंडी चाचपत राहते, हाक मारली तरी ओ देत नाही. एक-दोन मिनिटांनी भानावर येते, पण गोंधळलेले असते, आणि मधल्या वेळातले त्याला काहीच आठवत नाही. वर्गात हे घडले तर शिक्षक ‘लक्ष कुठे आहे?’ म्हणून रागावतात. घरी घडले तर ‘वारे आले’ असे म्हणतात. दोन्ही ठिकाणी मुलावर अन्याय होतो.

हा आजार विरळाही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात सुमारे ५ कोटी लोक अपस्मारासह जगत आहेत. मुंबईतील पारशी वसाहतींमध्ये घरोघरी जाऊन सुमारे १४ हजार लोकांची पाहणी करण्यात आली होती. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दर हजारी चार-पाच जणांना अपस्मार आढळला. हे प्रमाण धरले तर हजार माणसांच्या कोणत्याही गावात असे चार-पाच जण असणार. ते दिसत नाहीत याचे कारण एवढेच की घरचे त्यांना लपवतात.

मेंदूतील समुद्रघोडा

टेम्पोरल लोबच्या आत, दोन्ही बाजूंना एकेक, वळलेला असा एक अवयव असतो. इटलीतील शरीरशास्त्रज्ञ अरांझिओ याला तो समुद्रघोड्यासारखा दिसला, म्हणून १५८७ मध्ये त्याने त्याला हिप्पोकॅम्पस असे नाव दिले. समुद्राच्या काठी राहणाऱ्या आपल्या वाचकांना ही उपमा समजावून सांगण्याची गरज नाही. नव्या आठवणी मनात रुजवण्याचे काम हा भाग करतो. १९५३ मध्ये अमेरिकेत हेन्री मोलेसन या तरुणाचा अपस्मार थांबावा म्हणून शल्यवैद्य स्कोव्हिल यांनी त्याच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढला. झटके कमी झाले, परंतु त्या दिवसानंतरची कोणतीही नवी घटना त्याच्या स्मरणात टिकेना. स्मृती आणि हा अवयव यांचे नाते जगाला त्या दुर्दैवी रुग्णामुळे कळले. ‘अपस्मार’ हे नाव देणाऱ्या प्राचीनांना हिप्पोकॅम्पस ठाऊक नव्हता. तरी या प्रकारच्या झटक्याला ते नाव किती नेमके लागू पडते, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

अपस्माराने मरण पावलेल्या रुग्णांच्या मेंदूंत हा भाग आक्रसलेला आणि कठीण झालेला असतो, ही गोष्ट एकोणिसाव्या शतकातच लक्षात आली होती. १८८० मध्ये जर्मनीतील झोमर यांनी, हिप्पोकॅम्पसच्या एका ठरावीक पट्ट्यातील चेतापेशी नष्ट झालेल्या असतात, असे नोंदवले. परंतु मेलेल्या माणसाच्या मेंदूवरून एक कोडे सुटत नव्हते. पेशी मेल्या म्हणून झटके आले, की झटके आले म्हणून पेशी मेल्या? इतिहासात जसे आपल्यासमोर शेवटचे अवशेष असतात आणि मधला काळ हरवलेला असतो, तसेच हे होते. तो मधला काळ पाहायचा तर आजार घडत असताना पाहिला पाहिजे. माणसाच्या बाबतीत ते शक्य नव्हते. म्हणून शास्त्रज्ञ उंदरांकडे वळले.

उंदरांमधील तीन वाटा

पहिली वाट अनपेक्षितपणे सापडली. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ ग्रॅहम गोडार्ड उंदरांच्या शिकण्याचा अभ्यास करत होते. मेंदूच्या एका भागाला ते रोज अगदी सौम्य विद्युत्-स्पर्श देत. पहिल्या दिवशी उंदराला काही होत नसे. तोच स्पर्श, त्याच तीव्रतेचा, रोज दिला असता काही दिवसांनी उंदराचे तोंड हलू लागे, मग पुढचा पाय, आणि अखेरीस संपूर्ण शरीराला झटका येई. १९६७ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. या प्रकाराला ‘किंडलिंग’ म्हणतात, म्हणजे बारीक काटक्यांनी विस्तव पेटवणे. चूल पेटवणाऱ्या कोणालाही हे ठाऊक आहे : मोठे लाकूड एका ठिणगीने पेटत नाही, पण सुकी झावळी आणि काटक्या यांनी ते हळूहळू पेट घेते. महत्त्वाचे असे की विद्युत्-स्पर्श थांबवून काही आठवडे गेले तरी उंदराचा मेंदू पूर्ववत होत नसे. पुन्हा एकदा तोच सौम्य स्पर्श दिला की झटका येई. मेंदूत कायमचा बदल झाला होता.

दुसरी वाट समुद्रातून आली. जपानमध्ये एक लाल समुद्रशैवाल पोटातील जंतांवर औषध म्हणून पूर्वापार वापरले जाई. त्यातील गुणकारी द्रव्य १९५३ मध्ये वेगळे करण्यात आले. त्याचे नाव काइनिक आम्ल. चेतापेशींना उद्दीपित करणारे ग्लुटामेट नावाचे द्रव्य मेंदूत निसर्गतः असते. काइनिक आम्ल त्याच्यासारखेच, पण कितीतरी प्रबळ आहे. १९७० च्या दशकात असे दिसले की ते दिल्यावर उंदराला दीर्घ झटका येतो आणि हिप्पोकॅम्पसमधील नेमक्या त्याच प्रकारच्या पेशी मरतात, ज्या माणसाच्या अपस्मारात मेलेल्या आढळतात.

तिसरी वाट दक्षिण अमेरिकेतील एका झुडपातून निघालेल्या पायलोकार्पिनची. काचबिंदूवर डोळ्यांत घालण्याचे हे जुने औषध. १९८३ मध्ये तुर्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की मोठ्या मात्रेत ते उंदराला दिल्यास दीर्घकाळ न थांबणारा झटका येतो.

शेवटच्या दोन्ही पद्धतींत पुढे जे घडते ते फार बोलके आहे. तो पहिला दीर्घ झटका संपतो आणि उंदीर सावरतो. खातो, पितो, हिंडतो. काही दिवस किंवा काही आठवडे सारे ठीक दिसते. मग एके दिवशी, कोणतेही औषध न देता, त्याला आपोआप झटका येतो, आणि तेथून ते जन्मभर येत राहतात. मधल्या शांत दिसणाऱ्या काळाला शास्त्रज्ञ सुप्तकाळ म्हणतात. मेंदूची मोडतोड आणि नवी बांधणी त्याच काळात चाललेली असते. माणसात हा सुप्तकाळ वर्षांचा असू शकतो. लहानपणी तापात फार वेळ चाललेला झटका येऊन गेला, मूल बरे झाले, घरचे विसरून गेले, आणि आठवी-नववीत पुन्हा झटके सुरू झाले, अशी हकीकत टेम्पोरल लोबच्या अनेक रुग्णांच्या इतिहासात सापडते. तापातला झटका आलेल्या बहुसंख्य मुलांना पुढे काहीही होत नाही, हेही पालकांनी लक्षात ठेवावे. धोका प्रामुख्याने दीर्घ चाललेल्या झटक्यात आहे.

सुप्तकाळात काय घडते?

सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेले मुख्य बदल आम्ही क्रमाने मांडतो.

पहिला, पेशींचा नाश. दीर्घ झटक्यात ग्लुटामेटचा पूर येतो, चेतापेशींत कॅल्शियम प्रमाणाबाहेर शिरते आणि त्या मरतात. हिप्पोकॅम्पसचे सारे भाग सारखे मरत नाहीत. काही पट्टे उद्ध्वस्त होतात, तर त्यांना लागून असलेला एक छोटा पट्टा बराचसा शाबूत राहतो. उंदरात आणि माणसात हा नकाशा पुष्कळ अंशी जुळतो.

दुसरा, आवर घालणाऱ्या पेशींची हानी. मेंदूत उद्दीपन करणाऱ्या पेशी असतात तशा गाबा या द्रव्याच्या साहाय्याने आवर घालणाऱ्या पेशीही असतात. हिप्पोकॅम्पसच्या प्रवेशाशी दाणेदार पेशींचा एक दातेरी थर असतो. तो दारावरच्या पहारेकऱ्यासारखा वागतो; बाहेरून आलेला प्रत्येक संदेश तो आत सोडत नाही. या पहाऱ्याला मदत करणाऱ्या, आवर घालणाऱ्या काही पेशी दीर्घ झटक्यात लवकर बळी पडतात. पहारा ढिला होतो.

तिसरा, चुकीच्या जोडण्या. दाणेदार पेशींचे तंतू शेवाळासारखे दिसतात, म्हणून त्यांना शेवाळतंतू म्हणतात. ते ज्या पेशींपर्यंत संदेश नेत असत त्यांतील पुष्कळ मेल्यामुळे हे तंतू नवे अंकुर फोडतात आणि उलट वळून आपल्याच थरातील पेशींना जाऊन भिडतात. या तंतूंत जस्त असते. चांदीच्या क्षारांनी ते रंगवले की निरोगी मेंदूत जो थर कोरा दिसतो, तेथे अपस्मारी मेंदूत काळी रेघ उमटते. प्रथम उंदरांत दिसलेली ही रेघ शस्त्रक्रियेत काढलेल्या मानवी मेंदूच्या भागातही आढळली. ज्याने निरोप पुढे द्यायचा तोच तो निरोप पुन्हा आपल्याच माणसांत फिरवू लागला, तर गलका होणारच.

चौथा, नव्या पेशींचा भलत्या जागी जन्म. दाणेदार थरात जन्मानंतरही नव्या चेतापेशी तयार होत राहतात. उंदरांत दीर्घ झटक्यानंतर त्यांची संख्या काही काळ वाढते, आणि त्यांतील काही आपला थर सोडून भलतीकडे जाऊन बसतात.

पाचवा, आधारपेशींतील बदल. चेतापेशींभोवतीच्या आधारपेशी सुजतात, वाढतात, व्रणासारखे जाळे करतात. हिप्पोकॅम्पसला येणारा कठीणपणा मुख्यतः याचाच.

यांतील कोणता बदल झटक्याचे मूळ आणि कोणता परिणाम, हे अजून पुरते निश्चित झालेले नाही. शेवाळतंतूंचे अंकुरणे औषधाने रोखले तरी उंदरांचे झटके कमी झाले नाहीत, असेही प्रयोग आहेत. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, आणि प्रत्येक रुग्णाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये हे सारे बदल असतातच असे नाही. मात्र एका कारणाऐवजी अनेक कारणे परस्परांच्या आधाराने उभी राहतात आणि त्यांतून दुःख उत्पन्न होते, ही मांडणी प्रतीत्यसमुत्पाद शिकलेल्या वाचकाला परकी वाटू नये.

मुक्या जिवांचे ऋण

येथे आमच्या समाजातील वाचक एक प्रश्न विचारतील, आणि तो विचारलाच पाहिजे. प्राणिहिंसेपासून अलिप्त राहणे हे आपले पहिले शील. ज्ञानासाठी उंदराला झटके आणणे त्यात कसे बसते? या प्रश्नाचे सोपे उत्तर आम्हाला देता येत नाही, आणि सोपे उत्तर देणाऱ्यांवर आमचा विश्वासही नाही. सम्राट अशोकाने आपल्या दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी आणि पशूंसाठी अशा दोन्ही चिकित्सांची सोय केल्याचे नोंदवले आहे. त्याच्या दृष्टीने दोन्ही दुःखे दुःखेच होती.

दुसऱ्या बाजूला हेही खरे आहे की आज गावच्या आरोग्य केंद्रात मिळणाऱ्या गोळीमागे या मुक्या जिवांचे भोग आहेत. फेनिटॉइन या औषधाचा गुण मेरिट आणि पुटनम यांनी मांजरांवरील प्रयोगांतून शोधला व १९३८ मध्ये ते रुग्णांसाठी पुढे आणले. लेव्हेटिरॅसिटॅम हे सध्या पुष्कळ वापरले जाणारे औषध निरोगी उंदरांवरील नेहमीच्या चाचण्यांत निष्प्रभ ठरले होते. किंडलिंगने मेंदू बदललेल्या उंदरांत मात्र त्याचा गुण दिसला. बदललेला मेंदू अभ्यासला नसता तर ते औषध कदाचित टाकून दिले गेले असते.

म्हणून जगात या प्रयोगांवर बंधने आली. प्राण्यांऐवजी अन्य साधन वापरा, संख्या कमी करा, वेदना कमी करा, ही त्रिसूत्री रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मांडली. आपल्या देशात प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आहे. प्रयोगांवर देखरेख ठेवणारी समिती त्याच कायद्याखाली काम करते आणि १९९८ चे नियम त्यासाठीच आहेत. शस्त्रक्रियेत काढलेल्या मानवी ऊतींवर आणि संगणकावर आता बरेच काम होते. ही बंधने अधिक कडक व्हावीत असे आम्हाला वाटते. आणि जे ज्ञान एवढी किंमत देऊन मिळाले आहे, ते कपाटात ठेवून आपण पुन्हा नाकाला चप्पल लावत बसलो, तर त्या जिवांचे मरण आपण व्यर्थ घालवले असे होईल.

आपण काय करावे?

योग्य औषधे नियमित घेतली तर सुमारे ७० टक्के रुग्ण झटक्यांपासून मुक्त राहू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. औषध मनानेच बंद करणे हे झटका परत येण्याचे मोठे कारण आहे. जेथे औषधे पुरी पडत नाहीत आणि एमआरआयमध्ये आक्रसलेला हिप्पोकॅम्पस एका बाजूला स्पष्ट दिसतो, तेथे शस्त्रक्रियेचा मार्ग आहे. २००१ मध्ये कॅनडातून प्रसिद्ध झालेल्या ८० रुग्णांच्या चाचणीत, एका वर्षाच्या अखेरीस शस्त्रक्रियेच्या गटातील ५८ टक्के रुग्ण भान हरपणाऱ्या झटक्यांपासून मुक्त होते. केवळ औषधांच्या गटात हे प्रमाण ८ टक्के होते. आपल्या देशात तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत १९९५ पासून अशा शस्त्रक्रिया होत आहेत. मुंबईतही त्या होतात.

झटका आल्यास करावयाच्या गोष्टी थोड्या आहेत. मुलाला कुशीवर वळवावे, मान सैल करावी, डोक्याखाली मऊ काही ठेवावे, आजूबाजूच्या टणक वस्तू दूर कराव्यात. तोंडात बोट, चमचा, पाणी, औषध, काहीही घालू नये. हातपाय दाबून धरू नयेत. घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत झटका थांबला नाही, किंवा शुद्धीवर न येता दुसरा सुरू झाला, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. श्रीवर्धन, मुरूडकडील वाड्यांतून मोठ्या रुग्णालयापर्यंत पोहोचायला वेळ लागतो. म्हणून नाकात फवारण्याचे तातडीचे औषध घरी आणि वसतिगृहात ठेवावे काय, हे पालकांनी डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे. पाच मिनिटांची ही मर्यादा कुठून आली, हे आता वाचकांच्या ध्यानात आले असेल. झटका जितका लांबतो तितका तो आपणहून थांबणे अवघड होते आणि पेशींच्या नाशाचा धोका वाढत जातो. झटके आटोक्यात येईपर्यंत अशा मुलाने एकट्याने विहिरीवर, समुद्रात किंवा होडीवर जाऊ नये. पण शाळेत, सहलीत आणि खेळाच्या मैदानात त्याला इतरांबरोबर जागा असली पाहिजे.

बाधा उतरवण्याच्या नावाखाली कोणाला मारणे, बांधणे, मिरचीची धुरी देणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी त्या कायद्यासाठी अनेक वर्षे लढा दिला आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यांची हत्या झाली, हे आपल्या मुलांना माहीत असावे.

विवाहाविषयीही एक गोष्ट पालकांना सांगणे आम्हाला अगत्याचे वाटते. हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे. १९७६ च्या दुरुस्तीने त्यात वारंवार येणारा अपस्मार ही विवाहातील अपात्रता म्हणून घातली गेली. वेडाच्या झटक्यांबरोबर अपस्माराला एकाच वाक्यात बसवण्यात आले होते. या कलंकाविरुद्ध १९७० मध्ये स्थापन झालेल्या इंडियन एपिलेप्सी असोसिएशनने प्रयत्न केले, आणि १९९९ च्या दुरुस्तीने ‘अपस्मार’ हा शब्द कायद्यातून काढला गेला. कायद्याने जे पुसले ते मात्र स्थळे पाहताना आपल्या घरांत अजून शिल्लक आहे. आजार लपवून लग्न ठरवणे आणि आजार कळताच मुलीला माहेरी धाडणे, या दोन्ही वाईट रीतींचे मूळ एकच : लाज. बदललेल्या पेशींची लाज कशासाठी बाळगावी?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात, या जन्मीचे दुःख पूर्वजन्मीच्या कर्माने ठरते हा सिद्धान्त नाकारला. गरिबाला त्याच्या गरिबीबद्दल आणि आजाऱ्याला त्याच्या आजाराबद्दल दोषी ठरवणारा तो विचार त्यांना अमानुष वाटला. प्रयोगशाळेतील उंदराने गेल्या जन्मी कोणते पाप केले होते? त्याच्या मेंदूत जे बदल झाले तेच आपल्या लेकराच्या मेंदूत होतात, आणि त्यांना कारण आहे, क्रम आहे, बहुतेकांच्या बाबतीत इलाजही आहे.

संस्थेच्या व्यवस्थापनाला, माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना आमची एकच विनंती आहे. प्रवेशाच्या अर्जावर आजाराची नोंद मागवावी ती मुलाची काळजी घेण्यासाठी. तिचा उपयोग त्याला परत पाठवण्यासाठी होऊ नये. वसतिगृहाच्या प्रत्येक खोलीत प्रथमोपचाराचे चार नियम लिहिलेले असावेत आणि रात्रीच्या औषधाची वेळ अधीक्षकांना पाठ असावी. माजी विद्यार्थ्यांत जे डॉक्टर, परिचारिका, औषधविक्रेते झाले आहेत, त्यांनी वर्षातून एक दिवस शाळेला द्यावा. एवढे झाले तर फिट येणाऱ्या मुलीची पेटी पुन्हा बांधली जाणार नाही. ती दहावीचा निकाल हाती घेऊनच या फाटकातून बाहेर पडेल.

नमो बुद्धाय! जय भीम!